आत्याचं नाव नक्की काय?

आमच्या आत्याची तीन नावं आहेत. माहेरची कुमुद, सासरी तांदळात लिहिलेली सुलभा आणि मध्य प्रदेश सरकारच्या 'समग्र' या कुटुंब-नोंदणी पोर्टलवरची 'सुलभा बाई'. हे 'बाई' कुणी जोडलं, देव जाणे. आपल्या इंदुरात बायकांची नावं सरकारी रजिस्टरात शिरली की 'बाई' आपोआप चिकटतं.

आत्या ७६ वर्षांची. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही. योजनेतल्या दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार फुकट, जुना मधुमेह-बीपी असला तरी पहिल्या दिवसापासून. आतेभाऊ म्हणाला, "आपल्याला कशाला ते गरिबांचं कार्ड?" त्याच्याच ७४ वर्षांच्या सासऱ्यांच्या अँजिओप्लास्टीसाठी गेल्या वर्षी एफडी मोडली, ते सोयीनं विसरला. पांढरपेशांची ही ऐट आपल्याला भारी पडते, स्पष्टच सांगते.

तर गेलो शिबिरात. नियमाप्रमाणे या कार्डाला फक्त आधार लागतं. तिथल्या मुलानं आधी समग्र आयडी मागितला. आधारवर 'सुलभा वसंत' आणि आडनाव, समग्रवर 'सुलभा बाई' आणि आडनाव. "अम्मा, दोनों में नाम अलग है, पहले समग्र ठीक कराओ." आता नवऱ्याचं नाव मध्ये लिहायची आपली पद्धत त्या पोराला कुठून माहीत असणार? तो बिचारा पडद्यावर दिसेल ते वाचतो. पण ज्यांनी हे बसवलंय, त्यांना या शहरात होळकरांच्या काळापासून मराठी माणसं राहतात हे ठाऊक नसावं? एक मधलं नाव जास्त झालं म्हणून बाई दुसरी होते का? तिथल्या पर्यवेक्षकांशी वीस मिनिटं हुज्जत घातली, तेव्हा एकट्या आधारवर काम पुढे सरकलं. जिच्यासोबत भांडणारी भाची नाही, ती म्हातारी तिथूनच घरी परतते. माझा राग आहे तो यावर.

पुढे अंगठा. पन्नास वर्षं भांडी घासून, पुरण वाटून रेषाच उरलेल्या नाहीत. पदरानं पुसला, ओला केला, मशीन ढिम्म. मग मोबाइलवर चेहरा दाखवायचा ठरलं. "अम्मा, पलक झपकाओ." आत्या फोटो काढतात तशी ताठ, डोळे वटारून बसलेली. मी म्हटलं, "आत्या, अगं पापण्या मिटव आणि उघड." तर तिनं डोळे घट्ट मिटले, ते उघडेचना. तिला वाटलं, देवाचं काहीतरी म्हणायचंय. चौथ्या खेपेला झालं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, इंदूरच ते.

घरी येऊन तिनं कार्ड देवघरातल्या पोथीत ठेवलं आणि विचारलं, "यावर खोकल्याचं औषध मिळेल ना गं?"

नाही मिळत. भरती झाल्याशिवाय हे कार्ड चालत नाही, नुसतं दाखवायला गेलं तर उपयोग नाही. खोकल्यासाठी परवा एमवायच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीत नेणार आहे, सकाळी लवकर. आतेभाऊ गाडी देतो म्हणालाय. आत यायला मात्र तयार नाही.