आठ खेळाडूंचा मार्च

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाच्या 2024-25 च्या मोसमाविषयी बोलणे निघाले की आमच्या मित्रमंडळात (फुटबॉलवेड्या गोव्यात सकाळी उठून बास्केटबॉल पाहणारे आम्ही मोजून सात-आठ जण आहोत) कोणीतरी हटकून म्हणतो, ‘अहो, दुखापतींपुढे कोणाचे काय चालते?’ हे वाक्य आता इतके रूढ झाले आहे की त्याला विरोध करणारा माणूस हट्टी ठरतो. तो हट्टीपणा पत्करून मी हे लिहीत आहे. माझ्या मते त्या संघाचे नुकसान दुखापतींनी केले हे अर्धेच खरे आहे, कारण दुखापती झाल्यावर संघाला सावरण्यासाठी जी फट मोकळी ठेवावी लागते, ती फट संघाच्या व्यवस्थापनाने फेब्रुवारीत स्वतःच्या हातांनी बुजवून टाकली होती.

2 फेब्रुवारी 2025 हा रविवार होता. फोंड्याच्या बाजारातून मासळी घेऊन मी घरी पोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते आणि भाचा मोबाइल पुढे करून, ‘मामा, हे बघ, काहीतरी चुकीचे छापले आहे,’ असे सांगत होता. चुकीचे काही नव्हते. लुका डॉन्चिच, मॅक्सी क्लेबर आणि मार्किफ मॉरिस यांना लॉस एंजेलिस लेकर्सकडे देऊन डॅलसने अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि 2029 च्या ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) लेकर्सची पहिल्या फेरीची निवड घेतली होती. व्यवहार जुळवण्यासाठी यूटा जॅझला तिसरा भागीदार करून घेतले होते. डॉन्चिच 25 वर्षांचा होता, डेव्हिस 31 वर्षांचा. डॉन्चिच सलग पाच वर्षे लीगच्या पहिल्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेलेला, 2023-24 मध्ये सामन्यामागे 33.9 गुणांची सरासरी राखून लीगमध्ये पहिला आलेला आणि अवघ्या आठ महिन्यांपूर्वी संघाला अंतिम फेरीत नेणारा खेळाडू होता. त्या संध्याकाळी वानखेडेवर अभिषेक शर्माने इंग्लंडविरुद्ध 54 चेंडूंत 135 धावा कुटल्या, सगळे गाव त्याविषयी बोलत होते आणि मी एकटा डॅलसचे सुतक पाळत बसलो होतो.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मोसमाच्या मध्यावर संघ बदलू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. याच संघाने, याच जनरल मॅनेजरच्या, म्हणजे निको हॅरिसन यांच्या हाताखाली, बरोबर एक वर्ष आधी फेब्रुवारी 2024 मध्ये दोन व्यवहार केले होते. ग्रँट विल्यम्स, सेथ करी आणि पहिल्या फेरीची एक निवड शार्लटला देऊन पी. जे. वॉशिंग्टनला आणले आणि वॉशिंग्टन विझार्ड्स या संघाकडून डॅनियल गॅफर्डला आणले. तेव्हा त्या संघाची अडचण उघड होती. चेंडू हातात घेऊन खेळ उभारणारे डॉन्चिच आणि कायरी अर्विंग असे दोघे जण होते, परंतु बास्केटखाली उभा राहून अडवणारा आणि उंच टाकलेला चेंडू झेलून तिथल्या तिथे आत ठोकणारा धिप्पाड खेळाडू नवखा डेरेक लाइव्हली सोडला तर नव्हता. ती उणीव भरली गेली आणि जूनमध्ये संघ अंतिम फेरीत बोस्टनसमोर उभा होता. तेथे 4-1 ने हरला, ते निराळे. मधला खांब जागेवर ठेवून भोवतीच्या भिंती दुरुस्त केल्या तर काय होते, याचा धडा व्यवस्थापनाने स्वतःच घालून दिलेला होता, आणि पुढच्या वर्षी त्यांनी तोच खांब उपटला.

हॅरिसन यांनी कारण दिले ते बचावाचे. बचाव विजेतेपद मिळवून देतो, डेव्हिस लीगमधल्या उत्तम बचावपटूंपैकी आहे आणि आपली नजर पुढच्या तीन-चार वर्षांवर आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. डेव्हिसच्या खेळाविषयी मला काडीची शंका नाही. डॉन्चिचच्या वजनाविषयी आणि पोटरीच्या दुखण्याविषयी जे कानावर येत होते तेही सगळे खोटे नसावे. 25 डिसेंबरच्या सामन्यात पोटरी दुखावल्यापासून तो खेळलाच नव्हता. परंतु शरीर साथ देत नाही म्हणून एकाला सोडायचे आणि ज्याच्या कारकिर्दीत दुखापतींची रांग लागलेली आहे, जो त्या घडीलाही पोटाच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर बसलेला आहे, अशा सहा वर्षांनी मोठ्या खेळाडूला आणायचे, याला कोणते तर्कशास्त्र म्हणावे हे मला आजही उमगलेले नाही.

त्याहून खटकणारी गोष्ट व्यवहाराच्या पद्धतीची आहे. महिनाभर बोलणी चालली ती फक्त लेकर्सशी. बाकीच्या संघांना असा खेळाडू मिळू शकतो याचा पत्ताच नव्हता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलच्या मिरच्या घेऊन बसलेली बाईसुद्धा पहिल्याच गिऱ्हाइकाला सगळी टोपली उचलून देत नाही. दोन माणसे येऊ देते, भाव ऐकते आणि मग हात हलवते. डॉन्चिचसारखा खेळाडू एका पिढीत एखाददुसऱ्या संघाच्या वाट्याला येतो आणि त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीची केवळ एक निवड मिळावी, हे बोलणी बंद दाराआड झाल्याचेच फळ होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि येथे थोडे हिशेबात शिरावे लागेल. खेळाडूंच्या पगारावर लीगने मर्यादा घातलेली आहे आणि ती सहसा लवचीक असते. जादा खर्च केला तर संघ जादा कर भरतो आणि काम चालते. मात्र काही विशिष्ट मार्गांनी खेळाडू आणला की त्या मोसमापुरती संघावर अशी कडक रेषा पडते की ती एका डॉलरनेही ओलांडता येत नाही. तिलाच ‘हार्ड कॅप’ म्हणतात. 2024 च्या उन्हाळ्यात गोल्डन स्टेटचा क्ले थॉम्पसन डॅलसने ज्या पद्धतीने घेतला, तिच्यामुळे ही रेषा आधीच ओढली गेली होती. त्यामुळे मोसमात पुढे जो कोणता बदल करायचा तो त्या चौकटीतच बसवावा लागणार, हे व्यवस्थापनाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. डेव्हिसचा व्यवहार त्या चौकटीत बसावा म्हणून खुद्द डेव्हिसला करारानुसार मिळणारी सुमारे 59 लाख डॉलरची रक्कम सोडून द्यावी लागली. दोनच दिवसांनी क्वेंटिन ग्राइम्स आणि दुसऱ्या फेरीची एक निवड फिलाडेल्फियाला देऊन केलब मार्टिनला आणले गेले. हे सगळे आटोपले तेव्हा रेषेपाशी इतकी थोडी जागा उरली होती की किमान पगाराचा एक खेळाडूही उरलेल्या मोसमासाठी घेता येत नव्हता.

ग्राइम्सविषयी जाता जाता सांगतो. तो 24 वर्षांचा, अंगाने चिवट, बचाव करणारा आणि लांबून बास्केट करणारा गडी होता. फिलाडेल्फियाकडून उरलेल्या सामन्यांत त्याने 20 च्या वर गुणांची सरासरी राखली. मार्टिन डॅलसला आला तोच दुखापत घेऊन.

8 फेब्रुवारीला ह्यूस्टनविरुद्ध डेव्हिस पहिल्यांदा डॅलससाठी उतरला. 26 गुण, 16 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू), 7 असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला दिलेले पास). क्षणभर मलाही वाटले की आपण उगीच आकांडतांडव केले. तिसऱ्या सत्रात त्याने मांडीच्या आतल्या स्नायूवर हात ठेवला आणि तो आत गेला, तो मार्चच्या चौथ्या आठवड्यापर्यंत परतला नाही. दोन दिवसांनी गॅफर्डचा गुडघा गेला. लाइव्हली जानेवारीपासूनच घोट्यातल्या हाडाच्या दुखण्याने बाहेर होता. म्हणजे ज्या संघाने ‘आम्ही आता बास्केटखालच्या बलावर जिंकू’ असे सांगून आपला सूत्रधार विकला, त्या संघापाशी आठवड्याभरात बास्केटखाली उभे राहायला माणूस उरला नाही. दहा दिवसांच्या करारावर एक उंच खेळाडू बोलावला, पण तेवढ्यानेच खिसा रिकामा झाला. 3 मार्चला सॅक्रामेंटोविरुद्ध अर्विंगच्या डाव्या गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटला. त्या अवस्थेत, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, त्याने दोन्ही फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकले आणि मगच तो लंगडत बाहेर गेला. हे दृश्य मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मोबाइलवर पाहिले आणि पुढच्या तासाला आठवीच्या वर्गात काय शिकवले ते आठवत नाही.

आणि मग तो मार्च आला. आमच्याकडे शिगम्याचे ढोल वाजत होते आणि तिकडे डॅलसमध्ये रोज सकाळी मोजणी चालली होती, की आज किती जण उभे राहू शकतात. लीगच्या नियमाने सामन्याला किमान आठ खेळाडू गणवेशात सज्ज असावे लागतात, आणि संघ त्या आकड्याच्या काठावर येऊन ठेपला होता. जे तरुण खेळाडू मुख्य संघ आणि दुय्यम लीगमधला संघ अशा दुहेरी करारावर होते, त्यांनाही ठरावीक सामन्यांपलीकडे मुख्य संघातून खेळवता येत नाही, म्हणून ब्रँडन विल्यम्ससारखा चपळ मुलगा हाताशी असूनही त्याला जपून वापरावे लागत होते. बाजारात खेळाडू मोकळे होते, मालकांपाशी पैसाही बख्खळ होता, फक्त रेषा आडवी होती. किमान पगाराचा करार दिवसागणिक स्वस्त होत जातो, कारण मोसमाचे उरलेले दिवस कमी होत जातात. त्यामुळे एकेक दिवस सरण्याची वाट पाहत बसणे एवढाच उपाय उरला होता, आणि ती वाट 10 एप्रिलपर्यंत पाहावी लागली. नियमित मोसम 13 एप्रिलला संपत होता!

‘दुखापतींपुढे कोणाचे काय चालते’ म्हणणाऱ्यांना माझे उत्तर या एका तारखेत आहे. दुखापती कोणत्याही संघाला होतात. जत्रेच्या नाटकात राजाचे काम करणाऱ्याचा आवाज ऐनवेळी बसतो, म्हणून आमच्या गावात ते सगळे संवाद पाठ असलेला एक माणूस नेहमी विंगेत उभा केलेला असतो. डॅलसने मात्र तालमी रंगात आलेल्या असताना राजा बदलला आणि त्या खर्चात विंगेतल्या माणसाची बिदागीही संपवून टाकली. (त्याच मार्चमध्ये पुढच्या मोसमाच्या तिकिटांचे दर वाढवल्याचे पत्र प्रेक्षकांना धाडण्याची हुशारीही याच संघाने दाखवली.)

जुन्या फुटबॉलप्रेमींना एक आठवण करून द्यावीशी वाटते. धेंपो क्लबने 2004-05 ते 2011-12 या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, ती आर्मांद कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली. त्या वर्षांत परदेशी खेळाडू आले, गेले. पण महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही नावे वर्षानुवर्षे त्याच गणवेशात दिसत राहिली. वाईट निकाल लागला की दुसऱ्या दिवशी मैदानाबाहेर शिव्या पडत, तरी तो गाभा कोणी हलवला नाही. डॅलसलाही ही गोष्ट नवी नव्हती. 2011 चे विजेतेपद मिळवून देणारा डर्क नोविट्स्की तेथे 21 मोसम खेळला होता.

व्यवहाराच्या दिवशी संघाच्या खात्यात 26 विजय आणि 23 पराभव होते, मोसम संपला तेव्हा 39 आणि 43. म्हणजे नंतरच्या 33 सामन्यांत 13 विजय. प्ले-इनमध्ये (बाद फेरीत शिरण्यासाठीच्या पात्रता सामन्यांत) सॅक्रामेंटोला हरवले, मेम्फिसकडून हरले. त्या शेवटच्या सामन्यात डेव्हिसने 40 गुण केले, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवे. त्या माणसाची या सगळ्यात काहीच चूक नव्हती. त्याआधी 9 एप्रिलला डॉन्चिच लेकर्सच्या गणवेशात डॅलसमध्ये परतला, सामन्यापूर्वी त्याच्या आठवणींची चित्रफीत दाखवली गेली तेव्हा टॉवेलात तोंड लपवून रडला आणि मग त्याने 45 गुण केले. प्रेक्षक स्वतःचा संघ हरत असताना त्याच्यासाठी ओरडत होते आणि मधूनच हॅरिसन यांना काढून टाकण्याच्या घोषणा देत होते.

पुढे दैवाने अशी काही थट्टा केली की रागवावे की हसावे ते कळेना. ड्राफ्टच्या सोडतीत पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता अवघी 1.8 टक्के असताना तो डॅलसलाच मिळाला आणि त्या ड्राफ्टमधला सर्वांत नावाजलेला तरुण खेळाडू कूपर फ्लॅग संघात आला. लगेच काही मंडळी ‘बघा, शेवटी चांगलेच झाले’ म्हणू लागली. पण आधीच्या व्यवहारांत डॅलसने आपल्या निवडी इतक्या वाटून टाकल्या होत्या की 2026 नंतर थेट 2031 पर्यंत पहिल्या फेरीची स्वतःची निवड पूर्णपणे त्यांच्या हाती नव्हती. म्हणजे चार वर्षे हरून, तरुण खेळाडू जमवून, संघ नव्याने बांधण्याची वाटही बंद होती. ती सोडत लागली नसती तर पुढे काय असते, याचा विचार ‘चांगलेच झाले’वाल्यांनी करून पाहावा. नव्या मोसमात 3 विजय आणि 8 पराभव झाल्यावर 11 नोव्हेंबर 2025 रोजी हॅरिसन यांना पदावरून दूर करण्यात आले. एवढा मोठा निर्णय त्यांनी मालकांच्या संमतीशिवाय घेतला असणे शक्य नाही, तरी गेले ते एकटेच.

आमच्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर सातवीतला एक मुलगा अजूनही डॉन्चिचचा डॅलसमधला 77 क्रमांकाचा निळा शर्ट घालून येतो. शर्ट आता त्याला आखूड होऊ लागला आहे. परवा मी त्याला विचारले, की नवा घेणार तेव्हा डॅलसचा घेणार की लेकर्सचा. त्याने चेंडू दोनदा आपटला, माझ्याकडे न पाहता बास्केटवर मारला, आणि म्हणाला, ‘सर, अजून हा बसतो.’