"आपल्या बोलीनं कोन घेईन तुले टीवीवर?"

बारावी झालेल्या एका मुलीला तिच्या घरच्यांनी विचारलेला हा प्रश्न आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, मुलगी माझी विद्यार्थिनी. तिला निवेदक व्हायचं आहे, जमलं तर डबिंगही करायचं आहे. मी मराठी शिकवते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडेही आला. उत्तर जरा लांब आहे, म्हणून इथं लिहिते.

आधी या धंद्याचं थोडं. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. दोन कार्यक्रमांच्या मधली जागा तेव्हा निवेदक सांभाळत. पुढं काय आहे ते सांगायचं, मध्येच काही बिघडलं तर शांतपणे वेळ निभावून न्यायची आणि आतली धावपळ चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांनी याच केंद्रावरून मराठी बातम्या वाचल्या. पुढं उपग्रह वाहिन्या आल्या, कार्यक्रमांची रांग संगणक लावू लागला आणि निवेदकाचा चेहरा पडद्यावरून गेला. आवाज मात्र उरला. प्रोमो, जाहिरात, माहितीपट, डबिंग यांत त्याचं काम वाढतच गेलं. हरीश भिमाणी निवेदन आणि बातम्यांमधून आले आणि 1988 ते 1990 या काळात 'महाभारत'मधला गोष्ट सांगणारा 'समय' झाले. पडद्यावर माणूस दिसत नव्हता, फक्त आवाज होता, आणि अख्खं गाव एका टीव्हीपुढं बसून तो ऐकत होतं.

आता बोलीचं. आमच्याकडे वऱ्हाडीत शाळेची 'शाया' होते, पाणी 'पानी' होतं. प्रमाण मराठीत बातमी वाचायची तर ळ आणि ण यायलाच हवेत, त्यात सूट नाही. पण तो जिभेचा सराव आहे. रोज मोठ्यानं वाचलं, स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकलं आणि चुकलेला शब्द पुन्हा म्हटला की काही महिन्यांत उच्चार येतो. माझ्या वर्गातल्या मुलांना येताना मी पाहिलाय. श्वास कुठं घ्यायचा, वाक्यात वजन कुठल्या शब्दावर द्यायचं, समोर कोणी नसताना कोणाशी तरी बोलायचं कसं, हे त्याहून कितीतरी अवघड आहे. आणि ते पुण्यात जन्मल्यानं येत नाही.

डबिंगमध्ये तर आमच्या पोरांचं पारडं जड आहे, असं मी ठामपणे म्हणते. घरी वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी, शेजारी बंजाऱ्यांची गोरमाटी नाहीतर कोलामांची कोलामी. एवढे सूर कानावर घेऊन वाढलेल्या मुलीला दुसऱ्याच्या तोंडात आपला आवाज बसवायला शिकवणं सोपं जातं. तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्या सुटतात तेव्हा माइकवरचा माणूस कसा बोलतो ते ऐका. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे आवाज ऐका. आणि सगळ्यांच्या आधी गाडगेबाबा ऐका. 1956 साली वांद्र्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. प्रश्न टाकायचा, थांबायचं, लोकांकडून उत्तर काढून घ्यायचं. मुंबईची माणसं समोर, आणि भाषा वऱ्हाडी. माइकसमोर थांबायचं कसं, हे शिकवायला मला याहून चांगला धडा सापडलेला नाही.

मालिकांनी मात्र आमच्या बोलीचं वाईट केलंय. वऱ्हाडी बोलणारं पात्र आलं की ते हसवायलाच आलं, असं प्रेक्षक धरून चालतो. वऱ्हाडीत कोणी डॉक्टर बोलत नाही, कोणी प्रेमात पडत नाही, कोणी मुलीच्या मरणावर रडत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला स्टुडिओत सांगितलं गेलं, "तुझा टोन कॉमेडीला चालेल." तो परत आला आणि आता दुकानात बसतो. त्या शब्दांचा मला अजून राग येतो.

पैशाचं सरळ सांगते. नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूरला आकाशवाणी आहे. नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरत्या बोलावल्या जाणाऱ्या, उद्घोषकांची भरती निघाली की अर्ज करा, परीक्षेत आवाजही तपासतात. महिन्यात मोजक्याच ड्युट्या मिळतात, त्यावर घर चालत नाही. पण शिस्त लागते. डबिंगचं काम बहुतेक मुंबईत, सुरुवातीला तिकडं राहावंच लागतं. नमुन्याचं ध्वनिमुद्रण मात्र घरी होतं. कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या करा, गोधड्या टांगा, पंखा बंद ठेवा आणि पहाटे बसा. लाइन गेली तरी फोन चालतो.

कोणतंही काम घेताना करारनामा पूर्ण वाचा. तुमच्या आवाजावरून यंत्राला आवाज शिकवायची परवानगी त्यात लिहिलेली असू शकते. अरिजित सिंगच्या आवाजाची एआयनं नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये अंतरिम मनाई केली. पण तो मोठा गायक आहे. आमच्या पोरीला कोर्टात जायला कोण पैसे देणार? म्हणून सही करायच्या आधी विचारा. न समजलं तर मला कागद पाठवा, आपण वकिलाला दाखवू.

त्या मुलीच्या आईबाबांशी मी बोलले. एक वर्ष देतो म्हणाले. दर रविवारी सकाळी शाळेत वाचनाला बसतो आम्ही. फी नाही. आसपासच्या गावांतून कोणाला पोरगी-पोरगा पाठवायचा असेल तर पाठवा. येताना आजी सांगते ती एखादी गोष्ट, तिच्याच बोलीत, पाठ करून यायला सांगा. बातमी त्यानंतर वाचू.