कुत्र्याचं तोंड दिसतं, पोरीचं का नाही

"कुत्र्याचं तोंड सगळं दिसतंय आणि पोरीच्या तोंडावर सूर्यफूल. आम्ही काय नजर लावणार हाय काय तुझ्या पोरीला?" हे आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने लिहिलं. दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ, सांगलीत असतो. त्यावर धडाधड अंगठे पडले, अंगठा देणाऱ्यांत माझी सख्खी आई पण होती, मग वहिनी, आत्या, आत्याची सून सगळ्यांनी एकेक करून मत मांडलं आणि निकाल असा लागला की परदेशात गेलेली माणसं कुत्र्याला घरातलं समजायला लागतात आणि घरातल्यांना परकं.

फोटो अगदी साधा होता हो. रविवारी आम्ही इथे हाम्बुर्गला लांडुंग्सब्र्युकनच्या धक्क्यावरून ६२ नंबरची फेरीबोट पकडून ओव्हेलग्योनेला गेलो होतो, एल्ब नदीच्या वाळूत पोरगी बादली घेऊन बसलेली, मागून कंटेनरचं जहाज चाललंय, शेजारी आमचा कुत्रा चिवडा, ओला, वाळूने माखलेला, जीभ बाहेर, बघतोय थेट कॅमेऱ्याकडे. पोरगी पण बघत होती, पण तिच्या तोंडावर मी सूर्यफूल चिकटवलं. नेहमीच चिकटवते.

का चिकटवते ते ग्रुपवर सांगून सांगून दमले. एका दिवाळीला पोरीचा परकर-पोलक्यातला फोटो टाकला, तो एकीने स्टेटसला ठेवला, तिथून दुसऱ्या कुणीतरी फेसबुकवर चढवला, वर "आमची जर्मनीची परी", आणि खाली एका बाप्याची कमेंट, बाळ कुठल्या शाळेत आहे म्हणून. त्या माणसाला ग्रुपमधलं कुणीच ओळखत नव्हतं. मी विचारलं हे कोण, तर उत्तर आलं, असेल कुणीतरी, चांगलंच तर विचारलंय. कुणी चढवला होता हे इथे लिहीत नाही, ग्रुपला माहिती आहे.

इथे किटामध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, पहिल्या दिवशी फॉर्म मिळतो. भिंतीवरच्या फोटोला चालेल का, पोरांच्या फाईलमधल्या फोटोला चालेल का, वेबसाइटला चालेल का, प्रत्येकापुढे वेगळी खूण करायची आणि आई-बाप दोघांची सही. पहिल्या वर्षी मला हा चावटपणा वाटला होता, आता वाटत नाही. नोव्हेंबरात लाटेर्नेची, म्हणजे पोरांच्या कंदिलांची, मिरवणूक असते तेव्हा आधीच सांगतात, फोन खिशात ठेवा, दुसऱ्यांची पोरं फोटोत येतात. आईला मग मी काय पाठवणार, एक कागदी कंदील, एक लाल बूट, आणि कुत्र्याला कुणाची सही लागत नाही म्हणून चिवड्याचं पूर्ण तोंड. आईने लिहिलं, कंदील छान आहे.

तर दादाला मी मोठं उत्तर लिहिलं. जरा जास्तच मोठं झालं, आणि त्यात बिस्मार्क आला, जर्मनीचा तो पहिला चॅन्सेलर.

आमच्या एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, शेवटच्या स्टेशनाला, आउम्युलेला उतरलं की जाक्सनवाल्डचं जंगल लागतं, तिथे आम्ही चिवड्याला घेऊन नेहमी जातो. पट्टा काढायचा नाही, पण त्याला वास घेत हिंडायला आवडतं आणि पोरीला काठ्या गोळा करायला. तिथून चालत फ्रीडरिक्सरूला जाता येतं, बिस्मार्कचं थडगं तिथे आहे. हा बिस्मार्क ३० जुलै १८९८ च्या रात्री तिथल्या आपल्या घरी वारला आणि त्याच रात्री दोन फोटोग्राफर चोरून आत शिरले, मॅग्नेशियमचा उजेड पाडून त्यांनी बिछान्यावरच्या प्रेताचा फोटो काढला. विकायचा होता त्यांना. घरच्यांनी कोर्टातून थांबवला, पण कोर्टापुढे पंचाईत अशी की माणसाच्या चेहऱ्यावर त्याचा स्वतःचा हक्क असतो असं सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता, घरात घुसले एवढाच गुन्हा. त्या गोंधळातून पुढे १९०७ चा कायदा आला आणि तो आजही चालू आहे. माणसाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो लोकांपुढे ठेवायचा नाही, ठेवलात तर दंड नाहीतर वर्षापर्यंत तुरुंग. माणूस मेला तरी पुढची दहा वर्षं नातेवाइकांना विचारायचं.

हे सगळं मी लिहिलं, वर जोडीला २०१७ चा आपल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल पण टाकला, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून. नऊ न्यायाधीश होते आणि एकमताने सांगितलंय हेही टाकलं. दादाचं उत्तर आलं, "बरं. पोरीचा ओसीआय करताना फोटो कुणाला पाठवलास? तिथं सूर्यफूल चाललं काय?"

आता याला काय बोलणार. ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं भारत सरकारचं कार्ड, तिथे दोन्ही कान, दोन्ही डोळे, मागे साधी भिंत, दोन इंच बाय दोन इंच. सरकारला चेहरा दिला आणि आजीला दिला नाही, असं वहिनीने खाली लिहिलं. आजी म्हणजे माझी आई. हे मात्र लागलं मला.

मग मी पण सोडलं नाही. म्हटलं, दादा, तू बेंदराला काय टाकतोस ग्रुपवर? खिलाऱ्या बैलाचा फोटो. शिंगं रंगवलेली, बेगड लावलेली, अंगावर झूल, गळ्यात घुंगरं, आणि तू शेजारी हात ठेवून उभा. पुरणपोळी भरवतानाचा वेगळा फोटो, समोरून वेगळा, कडेने वेगळा. गेल्या वर्षी तर चौकात बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता, त्यात तुम्हा सगळ्यांचे गोल गोल फोटो खाली आणि मधे बैल. त्याला कुणी म्हटलं का, की तुम्हाला बैल घरातला आणि माणसं परकी? चिवडा माझ्या घरात राहतो, कमीत कमी चौकात तरी लावलेला नाही. दादा म्हणाला, बैल कष्ट करतो. म्हटलं, हा बैल शर्यतीशिवाय काय करतो ते मला माहिती आहे.

इथे खरं तर थांबायला हवं होतं. पण आत्याच्या सुनेने मधेच भटक्या कुत्र्यांचा विषय काढला, तुम्ही बाहेर बसून कुत्र्यांचे लाड करा, इथे आमच्या विश्रामबागेत पोराला सायकल चालवू देत नाही कुत्री, आणि तुमच्यासारखे लोक ज्ञान पाजळतात. ऑगस्ट २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने दिल्लीतली सगळी कुत्री उचलून शेल्टरमधे टाका म्हटलं आणि दोनच आठवड्यांच्या आत दुसऱ्या खंडपीठाने ते बदललं, नसबंदी करा, लस द्या, परत तिथेच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी सोडू नका. तेव्हा मी ग्रुपवर दुसऱ्या निकालाच्या बाजूने लिहिलं होतं, ते तिने धरून ठेवलेलं.

तिला मी सांगितलं, आमच्याकडे कुत्रा पाळायचा म्हणजे हाम्बुर्गला वर्षाला ९० युरो टॅक्स, चिप, नोंदणी, विमा, एवढं सगळं. उचलायच्या पिशव्या खिशात. जबाबदारी घ्या, मग लाड करा, वगैरे वगैरे. वाचताना मलाच माझा आवाज शाळेतल्या बाईंसारखा वाटत होता पण पाठवला मेसेज.

जे लिहिलं नाही ते असं, की जर्मनीतल्या कोल्ह्या-कुत्र्यांमधून रेबीज कधीच हद्दपार झालाय, २००८ पासून देश त्यातून मुक्त मानला जातो. इथे कुत्रं चावलं तर टाके पडतात, भांडण होतं, विमा कंपनीला पत्र जातं. तिच्या पोराला चावलं तर ती सिव्हिलला पळत जाणार आणि इंजेक्शनं संपेपर्यंत तिला झोप नाही. कुत्र्यावर प्रेम करणं मला स्वस्तात पडतंय. आणि दुसरी गोष्ट म्हणजे चिवडा स्वतःच भटका आहे, रोमानियातला. तिथे २०१३ मधे बुखारेस्टला चार वर्षांचा मुलगा कुत्र्यांच्या हल्ल्यात गेला आणि त्यानंतर कायदाच झाला की पकडलेलं कुत्रं कामाच्या चौदा दिवसांत कुणी नेलं नाही तर मारता येतं. तेव्हापासून तिकडची कितीतरी कुत्री व्हॅनमधून जर्मनीत येतात, आमच्या जिन्यातच अशी आणखी दोन आहेत. म्हणजे युरोपने हा प्रश्न सोडवला वगैरे काही नाही, एका देशाने दुसऱ्याकडे पाठवला. चिवड्याजवळ युरोपचा निळा पासपोर्ट आहे, आत फोटोला जागा आहे, तिथे त्याचा फोटो मी हौसेने चिकटवलाय. मला अजून दर वेळी आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या राहायच्या परवान्याच्या ऑफिसच्या, अपॉइंटमेंटसाठी पहाटे उठून वेबसाइट रिफ्रेश करावी लागते. पण तो वेगळा विषय.

ग्रुप दोन दिवस शांत होता. आणि गंमत म्हणजे ते दोन दिवस मलाच करमेना. कारण मी बोलते कितीही, रोज रात्री पोरगी झोपली की मी काय बघते तर तुमचेच फोटो बघते. नरसोबाच्या वाडीला सगळे गेले, बासुंदी खाल्ली, कवठाची बर्फी आणली. दंडोबाच्या डोंगरावर पावसात भिजले. पूर आला की आयर्विन पुलाशी जाऊन पाणी कुठवर आलंय त्याचा फोटो. मी झूम करून बघते, वहिनीच्या मागे आमच्या अंगणातला पारिजातक आहे का अजून, भिंतीला रंग कुठला दिला, कोण जाड झालं, कोण कुणाशेजारी उभं नाहीये म्हणजे काहीतरी बिनसलंय. गणपतीत सगळे ओळीने उभे राहतात, तिथे आत्याच्या डाव्या बाजूला माझी जागा असायची, पहिली एक-दोन वर्षं तिथे फट दिसायची. आता दादाची मोठी मुलगी उभी असते, उंच झालीये, ओढणी नीट घेते. फट नाही राहिली. राहू पण नये, एवढी वर्षं कोण फट ठेवून उभं राहणार.

मला त्या सगळ्यांचे चेहरे हवे असतात, झाकलेले नकोत. हे दादाला कळतं. म्हणून तर तो चिडतो.

आणि माझी आज्जी गेली तेव्हाचं. बिस्मार्कचं एवढं मोठं पुराण लावताना मला ते आठवत नव्हतं असं नाही. आज्जी गेली तेव्हा मला जाता आलं नाही, पोटुशी होते, डॉक्टर नको म्हणाली. दादाने ग्रुपवर फोटो टाकला. अंगणात ठेवलेली, तुळशीचं पान, कपाळाला गंध, नाकात कापूस. इथल्या माझ्या मैत्रिणीला दाखवला तर तिने मान फिरवली, तुमच्यात असं पाठवतात, म्हणाली. मला तिचा फार राग आला. मग दादाने व्हिडिओ कॉल लावला आणि माणसांच्या डोक्यावरून फोन उंच धरून उभा राहिला, खांदे दुखले असतील त्याचे, मी पाय बघितले, जोडवी काढलेली बघितली. परवानगी कुणाची घेतली म्हणाल तर आम्ही सगळे नातेवाईकच की. १९०७ च्या कायद्यातसुद्धा बसेल ते.

तो फोटो फोनमधे आहे. दोन फोन बदलले तरी आहे.

तरीपण सूर्यफूल राहणार. त्यात मी माघार घेणार नाही, आणि आईला मी ते असं समजावलं की पूर्वी तू माझ्या गालाला तीट लावायचीस ना, काळी, चांगली ठसठशीत, सगळे फोटो खराब केलेस माझे लहानपणीचे, तर हे तसलंच आहे. आई म्हणाली, तीट गालाला असते, तोंड झाकत नसते. बरोबर आहे.

शेवटी मधला मार्ग काढला. इथे ड्रोगरीतल्या, म्हणजे साबण-शाम्पूच्या दुकानातल्या, मशीनवर प्रिंट काढून मिळतात, तिथे उभं राहून पोरीचे चांगले मोठे फोटो काढले, उघड्या तोंडाचे, ओव्हेलग्योनेचा तोही घेतला, बिनसूर्यफुलाचा, आणि पोस्टाने सांगलीला पाठवले. आईला एक पाकीट, दादाला एक. आत चिठ्ठी, भिंतीला लावा, देवाजवळ ठेवा, काय हवं ते करा, फक्त फोनने त्याचा फोटो काढायचा नाही. दादाला हे एकदम पटलं, म्हणाला, पत्र किती वर्षांनी आलं गं आपल्या घरात. चिवड्याचा पण एक टाकला होता, तो म्हणे त्याने गोठ्यात लावलाय, बैलाच्या वर.

आईला पाठवलेला पोरीचा फोटो फ्रेम करायला वहिनी गावभागातल्या स्टुडिओत घेऊन गेली. स्टुडिओवाल्याला फोटो फार आवडला, बाळ गोड आहे, मागे जहाज वगैरे, बाहेर काचेच्या शोकेसमधे एक मोठी कॉपी लावू का, फ्रेमचे पैसे घेत नाही म्हणाला. वहिनीने विचारायला मला फोन केला. मी नाही म्हणेपर्यंत आई तिकडे परस्पर हो म्हणून मोकळी झाली होती.