टोंगळ्यातली कपची तेलानं बसत नाही

परवा रात्री बहिणीनं एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे खरं असन तं ऑपरेशन काहून करायचं?" तिचा पोट्टा 12 वर्षांचा. शाळेतून येताना सायकलवरून पडला, टोंगळा भोपळ्यासारखा सुजला. एक्स-रेमध्ये दिसलं की गुडघ्याच्या आतल्या पुढच्या लिगामेंटनं, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या दोरीनं, नडगीच्या हाडाची कपची उपटून काढली आहे, आणि ती पार सुटली आहे.

मेसेजचं म्हणणं असं: 21 दिवस तेल चोळून, पाय ओढून, कामट्या बांधल्या की कपची जागेवर बसते. दुर्बिणीचं ऑपरेशन हे नवं फॅड, शहरातल्या डॉक्टरांचा धंदा. स्क्रूनं वाढ खुंटते. पुन्हा मांडी घालता येत नाही.

मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करतो. चोळून बिघडलेले टोंगळे शेवटी माझ्याच टेबलावर येतात, म्हणून चोळण्याचंच आधी बोलतो.

बैलानं हिसका मारला की कधी कधी दावं तुटत नाही, खुंटाच उपटून येतो. लहान पोरांत तेच होतं, कारण हाड अजून कच्चं असतं. आता हा खुंटा बाहेरून चोळून परत भोकात जाईल कसा? त्यातून कपची उचलली गेली की बरेचदा गुडघ्यातली गादी, नाहीतर दोन गाद्यांना जोडणारा पट्टा तिच्याखाली सरकून अडकतो. तो काढायला आतच जावं लागतं. तेल कातडीच्या आत जात नाही, आणि पाय ओढला तर लिगामेंट कपचीला आणखी वर खेचतं. सुजलेल्या पायावर कामट्या आवळल्या तर रक्तपुरवठा अडून पाय काळा पडू शकतो, ते वेगळंच.

गेल्या वर्षी एक मुलगी आली होती, दीड महिना चोळून घेतलेली. टेबलावर झोपवलं तर टोंगळ्याखालून माझी मूठ आरपार जायची. कपची वरच्या वर, चुकीच्या जागी जुळली होती आणि गुडघा सरळ व्हायला लागला की मध्ये आडवी यायची. दाराखाली खडा अडकावा तसं. व्यायामानं स्नायू सुटतो, हाड नाही.

आता नाइलाजानं एक मान्य करतो: काही कपच्या खरंच विनाऑपरेशन जुळतात. मेयर्स आणि मॅककीव्हर या दोन डॉक्टरांनी 1959 मध्ये याचे तीन प्रकार पाडले, अजून तेच चालतात. पहिल्यात कपची जवळपास जागेवरच असते, प्लास्टर पुरतं. दुसऱ्यात ती पेटीच्या झाकणासारखी पुढून उघडते, मागून धरलेली राहते. तिथं गुडघा सरळ करून बसते का ते बघतात, नाही बसली तर ऑपरेशन. तिसऱ्यात पूर्ण सुटते. भाच्याची तिसरी आहे. मेसेजवाल्यानं पहिल्याची गोष्ट तिसऱ्याला चिकटवली. आणि पहिल्यालाही प्लास्टर लागतं, तेल नाही.

वाढीचं म्हणाल तर भीती अगदी खोटी नाही. स्क्रू वाढीच्या थरातून, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या भागातून, गेला तर धोका असतो. तो सर्जनलाही माहीत असतो, म्हणून लहान मुलांत स्क्रू त्या थराच्या वरच ठेवतात किंवा मजबूत धाग्यानं कपची खाली ओढून बांधतात. हे पहिल्या भेटीतच विचारा.

फॅड? टोकियोत ताकागी या डॉक्टरांनी 1918 मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली होती. आज ती साधारण 4 मिलिमीटर जाडीची असते, दोन-तीन छोट्या छिद्रांतून काम होतं. मांडी घालता न येणं बहुतेक वेळा नंतर व्यायाम टाळल्यानं येतं. त्यासाठी मी बसलोय. पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, मेसेजला नाही.

अजून एक ओळ होती, "सुईनं पाणी काढू देऊ नका." भाच्याच्या टोंगळ्यातून निघालं ते पाणी नव्हतंच. रक्त होतं, आणि त्यावर तर्रीसारखे तेलाचे थेंब तरंगत होते. ती हाडातली चरबी. आत हाड मोडल्याशिवाय ती सहसा रक्तात येत नाही. बहिणीनं स्वतः पाहिलं आणि तरी मेसेज पाठवला.

शुक्रवारी त्याला नागपूरला नेतोय. तोवर पायाला हात लावायचा नाही, असं आईला बजावलंय. तिनं तेलाची बाटली कपाटात ठेवली. कुलूप मात्र लावलं नाही.