जुनी हायब्रिड काटकसरीने कशी मारावी

जुनी हायब्रिड घेतलीत? अभिनंदन! २०१०च्या सुमारास जपानहून तयार होऊन आलेली, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर पळणारी टोयोटाची प्रियस आता मातीमोल भावात पदरात पडली म्हणजे तुमचा हात कोण धरणार? लिटरमागे किती देते हे एव्हाना वॉचमनलाही पाठ झालं असेल. पेट्रोलचे वाचलेले पैसे घालवायचे कुठे, एवढंच आता ठरवायचं. उपाय खात्रीचे आहेत.

सुरुवात सीट कव्हरपासून करा. मागच्या सीटच्या कडेला एक जाळी असते. ती शोभेची नाही. सीटमागच्या मोठ्या बॅटरीला थंड हवा तिथूनच मिळते, म्हणून ती झाकणं आलंच. कव्हरवाल्याला सांगा, 'रेक्झिन जाळीवरून ताणून घे, फिनिशिंग छान येतं.' कव्हर नको असेल तर दादर मार्केटातल्या भाजीच्या पिशव्या, पावसाळ्यात ओल्या छत्र्या, घरच्या कुत्र्याचे केस, काहीही चालेल. आतला पंखा कधी खोलून बघितलात तर पात्यांवर उशीत भरायला पुरेल एवढा राखाडी कापूस निघेल. तो साफ करायला घरच्यांना एकदा हॉटेलात जेवू घालण्याइतका खर्च येतो. बॅटरीचं बिल लाखांत जातं. काटकसर कशाला म्हणायची, ते तुम्हीच ठरवा.

सिग्नलला न्यूट्रल टाकायची बापजाद्यांची सवयही मोडू नका. सायनच्या जाममध्ये एसी फुल, गिअर न्यूट्रल. या गाडीचा एसी मोठ्या बॅटरीवर चालतो, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन धडधडत असलं तरी त्या बॅटरीला चार्ज मिळत नाही. कंपनीच्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलंय. पण ते पुस्तक पहिल्या मालकानेही प्लॅस्टिकमधून काढलेलं नाही, तर तुम्ही कशाला काढता?

गणपतीला गावी रेल्वेनेच जा. गाडी इमारतीखाली झाकून ठेवा आणि डिकीतल्या छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीचं नावही काढू नका. परत आल्यावर बटण दाबाल तर डॅशबोर्डवर 'रेडी' उमटणार नाही. डिकी उघडायला जाल तर तीही विजेवर उघडते, आणि वीज देणारी बॅटरी डिकीत बंद! एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका बनियनवरच खाली येतील. 'चला रे, धक्का मारू.' मारू द्या. या गाडीला क्लच नाही आणि नेहमीचा स्टार्टरही नाही, त्यामुळे गेटपर्यंत ढकलली तरी इंजिन हूं की चूं करणार नाही. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये दुसऱ्या बॅटरीने जंप देण्यासाठी टर्मिनल असतं, हे मात्र काकांना सांगू नका. त्यांचा हिरमोड होईल.

मोठ्या बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरला थंड ठेवणाऱ्या कूलंटचं सर्किट वेगळं असतं, त्याचा पंपही वेगळा. पंप मेला तर इन्व्हर्टर तापतो. तुम्ही आपलं नळाचं पाणी ओता. मुंबईचं पाणी गोड आहे. ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर इंजिनात परत नेणाऱ्या वाटेत, काजळी धरते, तिकडे इंजिनाचं हेड गॅस्केट जाईपर्यंत बघू नका. आणि जुलैत हिंदमाताला पाणी भरलं की त्यातून गाडी घालाच, सीटमागची बॅटरी पोहायला शिकेल.

मग एक दिवस डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटेल. स्कॅनर लावला की पी-शून्य-ए-ऐंशी कोड येईल, म्हणजे बॅटरी बदला. मेकॅनिक डोकं खाजवून म्हणेल, 'साहेब, दोनच मॉड्यूल गेलेत, तेवढे बदलू.' लगेच हो म्हणा. बॅटरीतल्या अठ्ठावीस मॉड्यूलपैकी दोन ताजे आणि सव्वीस म्हातारे, हे लग्न चार-सहा महिने तरी टिकेल. मग पुढचे दोन. गॅरेजवाल्याच्या पोरांच्या फीची सोय कोणी तरी करायला हवीच.

अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २०११मध्ये दोन लाख मैलांवर चाललेली २००२ची प्रियस तपासली आणि तिचं मायलेज जवळपास नव्याइतकंच निघालं. असलं काही वाचू नका, उगाच जाळी साफ करावीशी वाटेल.

गाडीला पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणीसाठी आरटीओत जावं लागतं. त्याची फी एप्रिल २०२२पासून चांगलीच वाढली, वर ग्रीन टॅक्स. म्हणून त्याआधीच विका. सकाळी कोड पुसा, त्रिकोण विझेल. दुपारी गिऱ्हाइकाला छोटीशी चक्कर द्या, सीट कव्हरवरून हात फिरवून दाखवा आणि संध्याकाळी टोकन घ्या. गिऱ्हाईक शक्यतो पनवेलच्या पलीकडचं शोधा. मेव्हण्याला मात्र विकू नका. तो दिवाळीला घरी येतो.