पाचवी क सहलीला जाते तेव्हा (एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर)

ब्रिटिश शाळांच्या सिनेमांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. आधी राग आला, मग झोपताना वाटलं की यातलं निम्मं तर बरोबरच आहे, आणि उरलेल्या निम्म्यासाठी हे एवढं लांबण लावतोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमचं म्हणणं असं की टीव्ही सिटकॉमवरून काढलेले हे ब्रिटिश शाळेचे सिनेमे म्हणजे तीन एपिसोड एकत्र शिवलेलं ठिगळकाम, छडी आणि परदेशी लोकांच्या इंग्रजीवर हसणं आज बघवत नाही आणि मी ते सोयीस्कर गाळलं, आणि मुळात सांगलीत दहावी झालेल्या माणसाला लंडनच्या शाळेचा नॉस्टॅल्जिया कसला, सगळं उसनं. शिवाय ‘प्लीज सर!’ या लंडनच्या शाळेवरच्या मालिकेच्या सिनेमात शॅरन ही विद्यार्थिनी करणारी नटी टीव्हीवालीच आहे असं मी लिहिलं होतं ते चूक. हो, चूक. टीव्हीवर पेनी स्पेन्सर होती, सिनेमात कॅरल हॉकिन्स. लाज वाटली, कारण दोन्ही बघून झालंय माझं.

आता उसन्याचं आधी उरकतो. ‘माइंड युवर लँग्वेज’ (लंडनमध्ये परदेशी लोकांना इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गावरची मालिका) बघून आपल्याकडे किती घरं हसली हे मी सांगायला नको, १९९३ मध्ये त्याचंच हिंदी ‘जबान संभाल के’ आलं, पंकज कपूर मास्तर आणि वर्गात आपले विजू खोटे, तेव्हा ‘ते आपलं नाहीच’ हे काही मला पटत नाही. पण तुमचा खरा मुद्दा त्या वर्गातल्या शीख विद्यार्थ्याचा, रणजीत सिंगचा आहे आणि तिथे मी गप्प बसतो. आम्ही घरी त्याच्या ‘थाउजंड अपॉलॉजीज’ला पोट धरून हसायचो. पुढे नोकरीसाठी इंग्लंडात रेडिंगला गेलो आणि पहिल्याच महिन्यात ऑफिसात एकाने मान हलवत तेच वाक्य मला ऐकवलं, तेव्हा हसू आलं नाही. हे मी लेखात लिहायला हवं होतं. हा सगळा अपमान आहे अशी टीका तेव्हा इंग्लंडातही झालीच आणि १९७९ मध्ये चॅनेलने कार्यक्रम बंद केला. आता त्यावर सिनेमा निघालेला नाही म्हणून ते गाळलं असं मी म्हणू शकतो, पण ती पळवाट झाली.

छडीवर मात्र थोडं भांडतो. ‘व्हॅक-ओ!’ ही बीबीसीची १९५६ पासूनची मालिका, जिमी एडवर्ड्स हेडमास्तर, लबाड, बाटलीबहाद्दर आणि छडीबहाद्दर. १९६० मध्ये त्यावर ‘बॉटम्स अप!’ नावाचा सिनेमा निघाला. तुम्ही म्हणता त्यात मुलांना मारण्याची मजा घेतलीये. मला वाटतं मजा हेडमास्तरची घेतलीये, कारण अख्ख्या चिझलबरी शाळेत त्याच्याइतका लुच्चा दुसरा कोणी नाही आणि मुलांना ते पक्कं ठाऊक आहे. तरी हेही खरं की थिएटरात हसणाऱ्या बहुतेकांनी दुसऱ्या दिवशी शाळेत खरी छडी बघितली असणार, तिथल्या सरकारी शाळांत ती कायद्याने बंद व्हायला १९८७ उजाडलं. (जाता जाता: एडवर्ड्सच्या त्या भरघोस मिशा नुसत्या स्टाइलच्या नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, हॉलंडातल्या आर्नेमला त्याचं विमान पाडलं गेलं, तोंडावर भाजल्याची सर्जरी झाली, ते व्रण झाकायला त्या मिशा. हे कळल्यावर मला तो सिनेमा पूर्वीसारखा बघता येईना.)

आणि इथेच तुमच्या ‘ठिगळकामा’चं उत्तर आहे. जुन्या ‘व्हॅक-ओ!’चे बहुतेक एपिसोड आज नाहीतच, तेव्हा कार्यक्रम जपून ठेवायची पद्धतच नव्हती, टेप पुसून परत वापरायचे. सिनेमा मात्र फिल्मवर होता म्हणून टिकला. ‘प्लीज सर!’चंही बघा, पहिले एपिसोड ब्लॅक अँड व्हाइट, ज्या आयटीव्ही चॅनेलवर ती लागायची तिथे रंग आला तो १९६९ च्या नोव्हेंबरात, आणि रंगीत एपिसोड आले तरी १९७१ मध्ये बहुतेक ब्रिटिश घरांतला सेट ब्लॅक अँड व्हाइटच. व्हिडिओ नाही, रेकॉर्डिंग नाही, चुकला एपिसोड की चुकला. अशा वेळी तीच मंडळी रंगीत, मोठ्या पडद्यावर, तिकीट काढून बघायला मिळणार, हे आपल्याला आज बसल्या जागी सगळं उपलब्ध असताना ठिगळ वाटतं, त्यांना दिवाळी वाटली असेल. त्याच सुमाराला अमेरिकन स्टुडिओंनी तिथून पैसा काढून घेतला होता, मग निर्मात्यांनी जे हमखास चालेल ते धरलं. १९७१ मध्येच ‘ऑन द बसेस’ आणि ‘डॅड्स आर्मी’ या मालिकांचे सिनेमेही आले, म्हणजे लाटच होती.

पण सिनेमा म्हणून ‘प्लीज सर!’ फसलाय, हे मान्य. फक्त तुमचं कारण मला मान्य नाही. तो लांबवलेला एपिसोड असता तर बरा झाला असता हो! गडबड अशी की सिनेमा काढायचा म्हटलं की सगळ्यांना सहलीला न्यायचं. जॉन आल्डर्टनचे हेजेस सर आपली पाचवी क घेऊन दोन आठवडे गावाकडच्या कॅम्पला जातात. (पाचवी म्हणजे सेकंडरीचं पाचवं वर्ष, आपली दहावीच्या वयाची पोरं. आणि तुकडी क म्हणजे काय ते आपल्याला कोणी समजवायला नको.) झाडं आली, चिखल आला, दुसऱ्या शाळेची चकचकीत मुलं आली, आणि शाळा गेली. मालिकेचा जीव होता तो फेन स्ट्रीटच्या, म्हणजे त्या शाळेच्या, स्टाफरूममध्ये. डोरिस युअल बाईंचा दरारा, वेल्श प्राइस सरांची तिरकी जीभ, म्हातारे स्मिथ सर, आणि पॉटर, शिपाई म्हणून नेमलेला पण वागणं असं की संस्थेचा अध्यक्ष, हेडमास्तरपुढे लोटांगण आणि बाकी मास्तरांवर डाफरणं, वर वाळवंटातल्या लढाईच्या बाता. असा एक तरी शिपाईकाका आपण सगळ्यांनी बघितलाय. हा माणूस शाळेच्या गेटाबाहेर नेला की संपला, कारण त्याच्या हातात किल्ल्या आहेत म्हणून तो पॉटर आहे. बेल वाजते, तास संपतो, भांडण अर्धवट राहतं, ही शाळेच्या विनोदाची चौकट आणि जंगलात बेल नाही.

माझे रेडिंगचे घरमालक याच शाळांतले. अकराव्या वर्षी परीक्षा, पास झाला तर ग्रामर स्कूल, नाहीतर सेकंडरी मॉडर्न, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षीच आयुष्यभराची क तुकडी. पंधराव्या वर्षी शाळा सोडली, तेव्हा तेवढंच सक्तीचं होतं, सोळा झालं ते १९७२ मध्ये. मी चॅरिटी शॉपमधून एक पौंडाला ‘प्लीज सर!’ची डीव्हीडी आणली होती, ती एकत्र बघितली. वर्गातले सीन चालू असताना ते हसत होते, कॅम्प सुरू झाल्यावर चहा करायला उठले आणि परत आलेच नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाले आम्हाला कोणी कुठे नेलं नाही. मी आपला पटकथेतल्या उणिवा सांगणार होतो, राहून गेलं.

तुम्ही ‘इनबिटवीनर्स’ही (चार शाळकरी मित्रांवरची मालिका) त्याच माळेत ओवलंय, ते नको. तिचा सिनेमा ऑगस्ट २०११ मध्ये मी थिएटरात बघितला, हाउसफुल्ल, पोरं नुसती किंचाळत होती, इंग्लंडात साधारण साडेचार कोटी पौंड कमावले त्याने. तेही सहलच, ग्रीसला. मग तो का चालला? एक म्हणजे शाळा संपलीच होती, ग्रेग डेव्हिसचे गिल्बर्ट सर सुरुवातीला निरोपाचं भाषण ठोकून मोकळे (हा माणूस खरंच तेरा वर्षं मास्तर होता, त्या चेहऱ्यावरचा वैताग अॅक्टिंग नसावा). आणि दुसरं, तिथला विनोद मास्तर विरुद्ध वर्ग असा कधी नव्हताच, चार मित्र एकमेकांची लाज काढतात, ते बसस्टॉपवरही काढतील आणि बीचवरही. म्हणून ती सहल पेलली. २०१५ चा ‘बॅड एज्युकेशन’ या शाळेवरच्याच मालिकेचा सिनेमा कॉर्नवॉलला जातो तो मात्र मला सुद्धा अर्ध्यात बंद करावासा वाटला, तुमच्या सगळ्या शिव्या त्याला लागू.

आणि हो, ‘शाळकरी पोरं म्हणून घोडे उभे केलेत’ हा टोमणा आवडला. ‘प्लीज सर!’मधला विद्यार्थी फ्रँकी अॅबट करणारा डेव्हिड बॅरी १९४३ चा, त्याचे सर आल्डर्टन १९४० चे. तीन वर्षं अंतर! पण आपण तरी गॅदरिंगला काय करायचो, दहावीतल्या पोराला मिशी रंगवून आजोबा, इथे उलटं.

शेवटी विचारलंय की मग एकच बघायचं तर काय. सिनेमा नको. ‘प्लीज सर!’ मालिकेचे १९६८ चे पहिले काही एपिसोड बघा, ब्लॅक अँड व्हाइट असले तरी, आणि युअल बाईंकडे नीट लक्ष द्या, जोन सँडरसन, ‘फॉल्टी टॉवर्स’मधली ती कमी ऐकू येणारी खडूस पाहुणी तीच. मग पॉटर आवडला नाही तर परत इथे येऊन भांडा. शॅरनची चूक मूळ लेखात सुधारलीये, रणजीतचा परिच्छेद आज रात्री टाकतो.