मुरूम टाकला की पाणी जाते का?

काल संध्याकाळी टपरीवर पंक्या मोबाईलवर नकाशा दाखवत होता, नागपुरात बेसा साइडला दोन एकर, चौघांनी मिळून घ्यायचे अन् रो हाऊस काढायचे, बाजूला नाला, रेट एकदम कमी. मी म्हटलं नाला आहे म्हणूनच रेट कमी आहे ना भाऊ.

"काऊन घाबरवून रायला बे, तीन फूट मुरूम टाकू, विषय संपला."

इथंच माझं डोकं सरकलं. मुरूम टाकून आपलं जोतं वर येईल, पण पाणी? ते मागच्या वस्तीत घुसणार, तिथं पत्र्याची घरं आहेत. मग बिस्किटाच्या पुड्यावरच हिशोब मांडला. दोन एकर म्हणजे साधारण ८,१०० चौरस मीटर, पाऊस तासाला ६० मिमी. आज शेत आहे, समजा ३५ टक्के पाणी वाहून जाते, म्हणजे १ लाख ७० हजार लिटर. उद्या स्लॅब, पेव्हर, सिमेंट रोड झाले की ८५ टक्के, म्हणजे तासाला ४ लाखांच्या वर, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर! आणि लेआउटमध्ये पाईप दाखवलाय नऊ इंची, त्या सपाट जागेवर त्यातून निम्मंही जाणार नाही. बरं ३५ टक्के पण मी कमीच धरले, कारण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते तोवर पाणी पिते, एकदा फुगली की भेगा बंद, म्हणून सप्टेंबरचा पाऊस जास्त मारतो.

सचिन म्हणे, "दलाल तर म्हणते, इथं कधी पाणी आलंच नाही."

अरे, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय झालं? काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये. आदल्या रात्री झोपताना कोणाला वाटलं होतं? निळी पूररेषा असते ना, ती २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, म्हणजे दरवर्षी चार टक्के शक्यता. ऐकायला कमी वाटते, पण लोन वीस वर्षांचं आहे, तेवढ्या काळात एकदा तरी तसा पूर यायची शक्यता ५५ टक्क्यांच्या वर जाते.

पंक्या चिडला, "मग काय, नाल्याकाठी कोणी घरंच बांधू नये?"

बांधा ना, पण आधी वरून किती रानाचं पाणी त्या नाल्यात येते ते पाहा, पुढची पुलाची मोरी किती रुंद आहे ते पाहा, अन् आपल्या पाईपचं तोंड भरल्या नाल्याच्या लेव्हलच्या वर राहते का ते पाहा. ते बुडलं की आपलं पाणी बाहेर जात नाही, उलट नाल्याचंच चेंबरमधून आत येते, मग तीन फूट मुरूम काय कामाचा.

पंक्या काही बोलला नाही. मग मी त्याला गेल्या रविवारी तिथं काढलेला फोटो दाखवला. काठावरची बाभूळ, अन् तिच्या काट्यांना माझ्या छातीएवढ्या उंचीवर अडकलेल्या पन्न्या, वाळलेला चिखल लागलेल्या. त्यानं फोटो दोनदा मोठा करून पाहिला आणि म्हणाला, रविवारी जागेची उंची मोजायला पाण्याचा लेव्हल पाईप घेऊन जाऊ, टोकनचं नंतर बघू.